हृदयाच्या पाणवठ्यावर

मित्रांनो, आधी एक कोडं घालते. अशी कोणती नदी आहे, जी उन्हाळ्यात आटत नाही, जिला पावसाळ्यात पूर येत नाही, जिच्यात सगळं मिळून जेमतेम पाच लिटर पाणी आहे आणि जी सगळा देश फिरून एका मिनिटात पुन्हा निघाल्या जागी हजर होते?

नाही सुटलं? मग उजवा तळहात छातीवर, थोडा डावीकडे ठेवा. लब्-डब्, लब्-डब् ऐकू येतंय ना? तीच ती नदी. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला तेवढंच रक्त ढकलतं. म्हणजे मिनिटाभरात एक पूर्ण प्रदक्षिणा!

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना नद्या शिकवायला नकोत. एकीकडून वर्धा येते, दुसरीकडून वैनगंगा. चपराळ्याच्या जंगलाजवळ दोघी भेटतात आणि प्राणहिता होतात. ती पुढे सिरोंच्याला जाऊन गोदावरीला मिळते. आपल्या शरीरातही अगदी असंच आहे. डोकं आणि हातांकडचं रक्त एका मोठ्या शिरेतून येतं, पोट आणि पायांकडचं दुसरीतून. दोन्ही हृदयाच्या उजव्या कप्प्यात येऊन मिळतात. तिथून रक्त फुप्फुसांत जातं, प्राणवायू घेतं, डाव्या कप्प्यात परततं आणि महाधमनी नावाच्या जाड नळीतून सगळ्या अंगभर निघतं.

आता गंमत पाहा. हृदयात सतत एवढं रक्त असतं, तरी हृदयाचा जाड स्नायू काही त्या साठ्यातून थेट रक्त पीत नाही. इरई धरणात पाणी कितीही असो, चंद्रपूरच्या घरात ते येतं नळानेच. तसंच हृदयाला स्वतःसाठी वेगळे नळ लागतात. महाधमनी सुरू होते न होते, तोच तिला दोन फाटे फुटतात, एक उजवा आणि एक डावा. डाव्याचे पुन्हा दोन होतात. या हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या. सुरुवातीला त्यांची रुंदी तीन-चार मिलिमीटर, म्हणजे गव्हाच्या काडीएवढी. पुढे आणखी बारीक. अशा एखाद्या वाहिनीत चरबी आणि चुन्याचा थर साचला, की नळ अरुंद होतो, चालताना छातीत दुखू लागतं. नळ अचानक बंदच झाला, तर येतो हृदयविकाराचा झटका.

हा आजार शहरातल्या, गाडीतून फिरणाऱ्या माणसांनाच होतो, असं समजू नका. गडचिरोलीत राहून आदिवासींसाठी काम करणारे डॉ. अभय बंग यांना चाळिशीतच हृदयविकाराने गाठलं. त्यातून सावरल्यावर त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिलं. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी ते वाचलेलं असण्याची बरीच शक्यता आहे, विचारून पाहा.

मग प्रश्न असा, की छाती न उघडता या काडीएवढ्या नळांच्या आत काय साचलंय, ते पाहायचं कसं?

क्ष-किरणांना रक्त दिसत नाही

तुम्ही म्हणाल, एक्स-रे आहे की! आहे, पण एक्स-रेची एक अडचण आहे. जर्मनीतल्या विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले. हे किरण मांसातून सहज पार होतात, हाडांत मात्र अडतात. का? हाडात कॅल्शियम असतं. त्याचा अणुक्रमांक २०. मांस आणि रक्त बनलंय मुख्यतः हायड्रोजन (१), कार्बन (६), नायट्रोजन (७) आणि ऑक्सिजन (८) यांपासून. ज्याचा अणू जड, तो किरण जास्त अडवतो. म्हणून फोटोत हाड पांढरंशुभ्र दिसतं. पण रक्त आणि त्याच्या बाजूचा स्नायू दोघेही सारखेच राखाडी. धुक्यात पांढरी गाय शोधण्यासारखाच प्रकार!

यावर उपाय एकच, रक्तालाच काहीतरी जड मिसळून ठळक करायचं. राँटगेनच्या शोधानंतर दोन-तीन महिनेही उलटले नव्हते. जानेवारी १८९६ मध्ये व्हिएन्नातल्या हाशेक आणि लिंडेनथाल या दोघांनी शरीरापासून कापलेल्या एका हाताच्या धमन्यांत खडू आणि पारा असलेलं मिश्रण भरलं आणि एक्स-रे काढला. हाताच्या धमन्यांचं झाड फांद्यांसकट स्पष्ट उमटलं! पण पारा जिवंत माणसाच्या रक्तात कसा घालणार? तो तर विष.

उत्तर मिळालं समुद्रातून. १८११ मध्ये बर्नार्ड कुर्त्वा हा फ्रेंच माणूस समुद्री शेवाळाची राख उकरत बसला होता. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा बनवण्याचा त्याचा धंदा. राखेत त्याने आम्ल जरा जास्तच ओतलं आणि जांभळी वाफ उठली. ते होतं आयोडीन. हो, तेच आपल्या मिठातलं! त्याचा अणुक्रमांक ५३. म्हणजे कॅल्शियमपेक्षाही कितीतरी जड.

नुसतं आयोडीन शिरेत टोचता येत नाही. पण एका कार्बनी संयुगाला आयोडीनचे अणू घट्ट बांधले, तर ते शरीरात कुठेही न रुळता मूत्रपिंडांतून लघवीवाटे बाहेर पडतं. १९२९ मध्ये मोझेस स्विक या अमेरिकन तरुण डॉक्टरने बर्लिनमध्ये अशा औषधाने मूत्रपिंडांचे स्पष्ट एक्स-रे काढून दाखवले. आजच्या औषधांत षट्कोनी कडीला आयोडीनचे तीन-तीन अणू बांधलेले असतात. दवाखान्यात सगळे त्याला ‘डाय’ म्हणतात, म्हणजे रंग. प्रत्यक्षात त्याला रंगच नसतो. बाटलीत पाहाल तर पाण्यासारखं स्वच्छ, फक्त थोडं घट्ट. आपणही इथे त्याला डायच म्हणू या.

धाडसी माणसं आणि एक लाभदायक अपघात

त्याच १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्ड या गावी वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरने भलतंच केलं. वरिष्ठांनी नाही म्हटलेलं असताना त्याने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून एक बारीक, लांब नळी थेट आपल्या हृदयापर्यंत सरकवली आणि तसाच चालत एक्स-रे खोलीत जाऊन फोटो काढून घेतला. (हे वाचून कुणीही काहीही करून पाहायचं नाही, बरं का!) आधी त्याची टिंगल झाली. १९५६ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पुढे १९५८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला डॉ. मेसन सोन्स एका रुग्णाच्या महाधमनीत डाय सोडत होते. नळीचं टोक नकळत घसरून हृदयाच्या उजव्या वाहिनीत शिरलं आणि सगळा डाय तिच्यात गेला. काही क्षण हृदय थांबलं! रुग्णाला खोकायला लावलं आणि ठोके पुन्हा सुरू झाले. तोवर सर्वांची समजूत अशी, की या वाहिनीत डाय गेला तर माणूस दगावेल. तो दगावला नाही, उलट वाहिनीचं सुंदर चित्र मिळालं. यातूनच आपल्याकडे ज्याला ‘अँजिओग्राफी’ म्हणतात, ती तपासणी जन्मली. मनगटातून किंवा जांघेतून नळी हृदयापर्यंत न्यायची आणि डाय सोडायचा.

पण नळी आत न घालता, नुसत्या हाताच्या शिरेत इंजेक्शन देऊन हे जमलं तर? त्यासाठी हवं होतं सीटी स्कॅनचं यंत्र. ते बनवलं गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्लिश इंजिनियरने. तो नोकरीला होता ईएमआय कंपनीत. आजोबांच्या जुन्या तबकड्यांवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा पाहिलाय ना? त्या एचएमव्हीची ही मालक कंपनी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र घेतलं. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं. सीटीत एक्स-रेची नळी माणसाभोवती गोल फिरते, सगळ्या बाजूंनी किरण सोडते आणि संगणक हिशोब करून आतला एकेक काप दाखवतो. काकडीच्या चकत्या कराव्यात तसा.

सुरुवातीला एका चकतीला काही मिनिटं लागत. मेंदू हलत नाही, त्यामुळे चालून जाई. हृदय मात्र क्षणभरही स्वस्थ बसत नाही. एका फेरीत ६४ चकत्या घेणारी यंत्रं २००४ च्या सुमारास आली. त्यांची नळी एका सेकंदात तीन फेऱ्या मारी. तेव्हा कुठे हृदयाचा सीटी खऱ्या अर्थाने जमू लागला.

सेकंदाला एक चमचा

आता आपण तपासणीच्या खोलीत जाऊ या. रुग्णाच्या कोपराच्या पुढच्या बाजूच्या जाड शिरेत, बहुधा उजव्या हाताला, सलाईनची सुई लावतात. उजवाच का? कारण उजवीकडून हृदयाचा रस्ता जवळचा आणि सरळ. छातीवर ईसीजीच्या तारा चिकटवतात. शेजारी उभं असतं एक यंत्र, त्याला दोन मोठ्या सिरिंजा. एकीत डाय, दुसरीत साधं सलाईन.

किती डाय आणि किती वेगाने? साधारण मोठ्या माणसाला ६० ते ८० मिलिलिटर, सेकंदाला ५ मिलिलिटर या वेगाने. म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहाएवढं औषध, दर सेकंदाला एक चहाचा चमचा, असं चौदा सेकंद. करा हिशोब: ५ गुणिले १४, बरोबर ७०. हाताने सिरिंज दाबून एवढा एकसारखा वेग राखता येत नाही, म्हणून यंत्र.

इतकी घाई कशासाठी? हळू सोडलं तर पाच लिटर रक्तात ते विरून जाईल. वैनगंगेत लोटाभर दूध ओतल्यासारखं. जोरात सोडलं, की डायचा एक दाट लोंढा तयार होतो आणि न विस्कटता पुढे सरकतो.

आणखी एक खुबी. डाय मधासारखा घट्ट. थंडीत बाटलीतला मध ओतून पाहा, सरकत नाही. तीच बाटली कोमट पाण्यात ठेवली की भराभर वाहतो. म्हणून डाय आधी अंगाच्या तापमानाइतका, ३७ अंशांपर्यंत कोमट करतात.

माप सगळ्यांना एकच नसतं. किडकिडीत माणसाला कमी, धिप्पाडाला जास्त. लहान मुलांना तर किलोच्या हिशोबाने, साधारणपणे किलोला एक ते दोन मिलिलिटर. काही बाळं जन्मतःच हृदयात छिद्र किंवा वाकड्या वाहिन्या घेऊन येतात, त्यांच्यासाठी हे माप फार जपून ठरवावं लागतं.

कॅमेरा ट्रॅप कसा लावतात?

इथे येतो सगळ्यांत अवघड भाग. डाय टोचला हातात आणि फोटो काढायचा हृदयाच्या नळांचा. मधला रस्ता लांब: हात, उजवं हृदय, फुप्फुसं, डावं हृदय, मग महाधमनी. डाय तिथे पोचतो साधारण पंधरा ते पंचवीस सेकंदांत आणि ठळक राहतो जेमतेम दहा-पंधरा सेकंद. फोटो आधी काढला तर नळ रिकामे दिसणार, उशिरा काढला तर डाय पुढे निघून गेलेला. शिवाय प्रत्येकाचा वेग वेगळा. ज्याचं हृदय अशक्त, त्याच्या अंगात डाय रेंगाळतो. लहान मुलाच्या अंगात सुसाट पळतो. घड्याळ लावून सर्वांना एकच वेळ देणं चालणार नाही.

ताडोब्याला गेला असाल, तर तुम्हाला उपाय सुचायला हरकत नाही. वाघ पाणवठ्यावर किती वाजता येणार, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून वनखात्याची माणसं वाटेवरच्या झाडाला कॅमेरा ट्रॅप बांधतात. वाघ समोरून गेला, की कॅमेरा आपोआप फोटो घेतो. सीटीचं यंत्रही तेच करतं! तंत्रज्ञ महाधमनीवर एक छोटं वर्तुळ आखतात. डाय सुरू झाल्यावर काही सेकंदांनी यंत्र अगदी थोडे किरण वापरून त्या वर्तुळाकडे पुन्हापुन्हा डोकावत राहतं. आला का? नाही. आला का? नाही. आला!

‘आला’ हे कशावरून कळतं? सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, हाउन्सफील्डच्या नावाने. पाणी शून्य, हवा उणे १०००, साधं रक्त ४० च्या आसपास. डायचं तोंड पोचलं की वर्तुळातला आकडा चढू लागतो. तो शंभर-दीडशेच्या वर गेला, की यंत्र सावध होतं. “श्वास घ्या, रोखा” अशी सूचना देतं आणि पाच-सात सेकंदांत खरी फोटोफेरी सुरू. तोवर लोंढा भरात येऊन आकडा तीनशे-चारशेवर गेलेला असतो. राखाडी स्नायूत शुभ्र फांद्या दिसतात.

दुसरी रीत म्हणजे रंगीत तालीम. आधी दहा-पंधरा मिलिलिटरच डाय सोडायचा, तो पोचायला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि मग तेवढाच वेळ धरून खरं माप द्यायचं.

आणि ईसीजीच्या तारा कशाला? पळत्या चितळाचा फोटो पुसट येतो, थबकलेल्याचा स्वच्छ. हृदयसुद्धा दर ठोक्यानंतर क्षणभर विसावतं. ईसीजी यंत्राला तो क्षण दाखवतो. ठोके जितके संथ, तितका विसावा मोठा. म्हणून तपासणीआधी अनेकांना ठोके मिनिटाला साठीच्या आसपास आणणारी गोळी देतात. चहा-कॉफी मात्र त्या दिवशी बंद! आजोबांना हीच शिक्षा सर्वांत कडक वाटते.

कधी जिभेखाली नायट्रोग्लिसरिनचा फवारा मारतात. त्याने हृदयाचे नळ थोडे रुंदावतात. हेच नायट्रोग्लिसरिन वापरून आल्फ्रेड नोबेलने डायनामाइट बनवलं होतं. म्हातारपणी त्याच्याच हृदयावर डॉक्टरांनी हेच औषध लिहून दिलं. आहे की नाही नशिबाची थट्टा?

मागून येणारं पाणी

दुसऱ्या सिरिंजेतलं सलाईन विसरलात की काय? चंद्रपूर-गडचिरोलीच्या भातशेतीला मामा तलावांचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचं पाणी मिळतं. तलावातून पाणी सोडलं आणि लगेच बंद केलं, तर पहिलं पाणी पाटातच राहतं, शेवटच्या बांधीपर्यंत जात नाही. त्याला पुढे रेटायला मागून पाणी हवं. डायचंही तसंच. सुई बंद झाली की शेवटचा डाय हाताच्या शिरेतच पडून राहतो. म्हणून डाय संपताक्षणी त्याच वेगाने तीस-चाळीस मिलिलिटर सलाईन सोडतात. ते डायला पुढे ढकलतं, उजवा कप्पा धुऊन काढतं (नाहीतर तिथल्या लख्ख डायचे पांढरे पट्टे चित्रभर उमटतात) आणि डायही कमी लागतो.

| करून पाहा |
|---|
| एक. हातभर लांबीची पारदर्शक नळी आणि सुई नसलेली नवी सिरिंज घ्या. नळी पाण्याने भरा. मग सिरिंजेने थोडं शाईचं पाणी आत ढकला आणि थांबा. शाई नळीतच अडकून बसेल. आता मागून साधं पाणी ढकला. शाईचा पट्टा पुढे सरकताना दिसेल. हळू ढकलल्यावर आणि जोरात ढकलल्यावर पट्ट्यात काय फरक पडतो, ते वहीत लिहा. |
| दोन. शांत बसून मनगटावर मिनिटभर नाडी मोजा. मग दोन जिने चढून पुन्हा मोजा. कोणत्या वेळी हृदयाचा फोटो स्वच्छ येईल? |

लोणचं आणि डोळ्यांची आग

पूर्वीचा डाय टोचला की रुग्ण कळवळत. अंगात आग पडल्यासारखं होई. कारण लोणचं घालणाऱ्या आजीला विचारा. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की काय होतं? फोडींतलं पाणी बाहेर सुटतं. जुना डाय रक्तापेक्षा कितीतरी तीव्र होता. तोही रक्तपेशी आणि वाहिन्यांच्या अस्तरातलं पाणी असाच ओढून घेई. स्वीडनचे डॉ. टॉर्स्टन आल्मेन यांच्या हे लक्षात आलं. असं सांगतात, की खाऱ्या समुद्रात पोहताना त्यांचे डोळे चुरचुरले. त्यांच्या गावाकडच्या कमी खाऱ्या समुद्रात तसं होत नसे. त्यावरून त्यांना कल्पना सुचली, की आयोडीन तेवढंच ठेवून द्रावणाची तीव्रता कमी करता येईल. कंपन्यांनी आधी दाद दिली नाही. १९६९ मध्ये त्यांनी आपली कल्पना छापून मांडली आणि एका नॉर्वेजियन कंपनीने ती खरी करून दाखवली.

फरक किती पडला? जपानमध्ये तीन लाखांहून जास्त रुग्णांची पाहणी झाली आणि ती १९९० मध्ये छापून आली. जुन्या डायने दर दहा हजारांत बावीस जणांना तीव्र त्रास झाला होता, नव्याने चौघांना. आज नवाच वापरतात. टोचताना अंगभर ऊब पसरते, तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं (होत नाही!). मिनिटभरात सगळं जातं. क्वचित कुणाला पुरळ, उलटी किंवा धाप लागते. म्हणून खोलीत औषधं आणि डॉक्टर तयार असतात.

एक गंमतीचा आकडा सांगू? ७० मिलिलिटर डायमध्ये जवळजवळ २५ ग्रॅम आयोडीन असतं. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे साडेचारशे वर्षांचं आयोडीन चौदा सेकंदांत! पण ते कडीला घट्ट बांधलेलं असल्यामुळे, मूत्रपिंडं धडधाकट असतील, तर एका दिवसात बहुतेक सगळं बाहेर पडतं.

हे आयोडीन येतं कुठून? जगातलं बहुतेक आयोडीन दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाच्या वाळवंटातून आणि जपानच्या जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून मिळतं. २०२२ मध्ये करोनामुळे शांघाय शहर बंद झालं, तिथला डायचा एक मोठा कारखाना थांबला आणि जगभरच्या दवाखान्यांत डाय जपून वापरायची वेळ आली. तेव्हा कितीतरी डॉक्टर नव्याने हिशोब करू लागले, की कमी मापात काम कसं भागवता येईल. किरणांची ताकद कमी ठेवली, तर तेवढंच आयोडीन जास्त उजळ दिसतं. बारीक अंगाच्या माणसाला त्यामुळे डायही कमी पुरतो आणि किरणही.

आपल्या भागात

चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी हृदयाच्या अशा तपासणीसाठी या दोन जिल्ह्यांतल्या पुष्कळांना नागपूर गाठावं लागतं. चंद्रपूरपासून ते दीडशे किलोमीटर. सिरोंच्याच्या माणसाला तर गडचिरोलीच सुमारे दोनशे किलोमीटर! एवढा प्रवास, पैसे, मजुरी बुडवून माणूस तिथे पोचला आणि ऐन वेळी त्याने श्वास सोडला, तर चित्र पुसट येतं. मग पुन्हा डाय, पुन्हा किरण, पुन्हा खर्च. नाहीतर तसंच घरी परत.

आणि श्वास का सुटतो, ठाऊक आहे? पुष्कळदा सूचनाच कळत नाही. यंत्रातून आवाज येतो इंग्रजीत नाहीतर हिंदीत. भामरागडच्या आजीला कळते माडिया, सिरोंच्याच्या काकांना तेलुगू. हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनाही आधी माडिया भाषा शिकावी लागली, मग औषधं चालली. शोधग्रामात डॉ. राणी आणि अभय बंग यांनी तर दवाखानाच गावातल्या झोपड्यांसारखा बांधला, कारण मोठ्या इमारतींना लोक बिचकत होते. यंत्र कितीही हुशार असो, आत झोपलेल्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणारं कुणीतरी लागतंच.

ते कुणीतरी तुम्ही होऊ शकता. घरातल्या कुणाला डाय देऊन सीटी सांगितला असेल, तर आदल्या दिवशी त्यांच्याकडून सराव करून घ्या: साधा श्वास घ्यायचा, दहा सेकंद रोखायचा, सोडायचा. फार खोल नाही, जोर लावून नाही. तुम्ही दहापर्यंत मोजा, त्यांच्या भाषेत. त्यांना ऊब वाटेल हेही आधीच सांगा, म्हणजे दचकून हलणार नाहीत. सुईच्या जागी दुखलं किंवा फुगलं, तर लगेच ओरडून सांगायचं, हेही सांगा. कारण डाय शिरेबाहेर गेला तर हात सुजतो.

आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या: पूर्वी डायने किंवा कुठल्या औषधाने त्रास झाला होता का? दमा आहे का? मूत्रपिंडाचा आजार आहे का? मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? (त्यातली एखादी थांबवायची का, ते डॉक्टर ठरवतील, आपण नाही.) सिकलसेल आहे का? आपल्या भागात अनेक घरांत हा आजार आहे. त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अंगातलं पाणी कमी झालं की जास्तच. म्हणून तेही लिहायचंच. झिंगे खाऊन अंगावर पित्त उठतं म्हणून आयोडीन चालणार नाही, असं काही लोक म्हणतात. ते खरं नाही. झिंग्यांचा त्रास त्यातल्या प्रथिनांमुळे होतो. पण कोणतीही ॲलर्जी असली तरी सांगून टाकलेली बरी.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. एसटीने चार-पाच तास आलेला माणूस आधीच सुकलेला असतो. मूत्रपिंडांना डाय बाहेर टाकायला पाणी लागतं. तेव्हा जेवण कधी बंद करायचं ते दवाखान्यात विचारा, पाणी पिऊ देतात का तेही विचारा, आणि तपासणी झाल्यावर परतीच्या गाडीत पाण्याची बाटली विसरू नका. दर स्टँडवर दोन घोट पाजा. नको म्हणाले, तरी पाजा.